मामांची जादा बटणं

जगातली कुठलीही सोपी गोष्ट इतक्या निष्ठेने अवघड करावी, तर ती माझ्या मामांनीच. धाराशिवकडच्या वाशीत बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं पत्रिका छापायचं दुकान आहे. आजूबाजूची दुकानं कॉम्प्युटरच्या ज्या सिस्टिमवर काम करतात ती मामांना चालत नाही. त्यांना लिनक्स ही फुकटातली, मुक्त सिस्टिम लागते, कारण "त्यात आपल्याला कुणी इचारत न्हाय." तिथला प्रिंटर अधूनमधून मामांनाही विचारत नाही, हा भाग वेगळा. अशा वेळी ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला ते चहा पाजतात आणि मुक्त सॉफ्टवेअरचं महत्त्व समजावतात. गिऱ्हाइकं परत येतात, ती माझ्या मते चहासाठी.

गेल्या वर्षी मामांना लकव्याचा झटका येऊन गेला आणि उजव्या हाताची बोटं सावकाश झाली. दुसऱ्या कुणी टायपिंगला माणूस ठेवला असता, नाहीतर मामींचं ऐकून गाळा भाड्याने दिला असता. मामांनी जुना गेमिंग कीबोर्ड मागवला. डाव्या कडेला जादा बटणांची रांग, वर एक इवलासा पडदा आणि पोरं बंदुका चालवताना लागतो तसला निळा उजेड. मामींनी तो नीट न्याहाळला. "आता गोट्या बी मागवा," म्हणाल्या.

मामांचा बेत मात्र पक्का होता. डावा हात शाबूत आणि बटणं डावीकडेच. एक दाबलं की 'आमच्या येथे श्रीकृपेकरून', दुसऱ्याने कुलदैवत, तिसऱ्याने 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' ही चिमुकल्यांची लाडिक ओळ. शिवाय त्याच बटणांना तीन कप्पे: लग्न, वास्तुशांती आणि उत्तरकार्य. कुठला कप्पा चालू आहे ते पडद्यावर दिसायचं. कंपनीचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नसल्यामुळे सगळी भिस्त कुणा परोपकारी अनोळखी माणसांनी लिहिलेल्या प्रोग्रामवर. बटणं चालू झाली, पडदा काळाच राहिला. "त्याच्यावाचून काय अडलंय? ध्यानात ठिवतो की," मामा म्हणाले. सकाळची गोळी घेतली का, हे रोज मामींना विचारणारा माणूस हे म्हणत होता.

मग सोनारीच्या एका घरची उत्तरकार्याची पत्रिका छापून गेली. लवकरच त्या घरचा थोरला मुलगा, केस काढलेला, दुकानात आला आणि पत्रिका काउंटरवर ठेवून उभा राहिला. त्याच्या गेलेल्या वडिलांच्या, आबांच्या फोटोखाली, 'शोकाकुल परिवार'च्या बरोबर वर, चिमुकल्यांची ओळ होती. कप्पा लग्नाचा राहून गेला होता.

"काका, आमचे आबा लगीन करायलेत हे आमाला कुणी सांगितलंच न्हाय," तो शांतपणे म्हणाला.

मामांनी पत्रिका नव्याने छापल्या आणि स्वतः सोनारीला नेऊन दिल्या. परत आल्यावर मामींनी निकाल सांगितला. "ह्या रविवारी पडदा लागला तर लागला. न्हाईतर गाळा भाड्यानं."

म्हणून मला धाराशिवहून बोलावून घेतलं. मी इंग्रजी माध्यमातली, एवढीच माझी पात्रता. मी चार माणसांत तोंड उघडत नाही. पण इंटरनेटवरच्या चर्चेत तोंड दिसत नाही, त्यामुळे तिथं मी बऱ्यापैकी वाचाळ आहे. त्या प्रोग्रामवाल्यांना मी पडद्याचं विचारायला बसले, मामा खुर्चीमागे उभे. "नीट इचार त्यास्नी. खाली 'आपला नम्र' लिही." मी लिहिलं नाही. उत्तर तरीही आलं: पडदा ठीक आहे, पण साध्या वापरकर्त्याला त्यावर लिहायची परवानगी नाही.

"दुकान माझं, कीबोर्ड माझा, आन मलाच परवानगी न्हाय?"

ज्यात आपल्याला कुणी विचारत नाही त्याच सिस्टिममध्ये हे घडत होतं, याची मी आठवण करून दिली नाही. परवानगीचा नियम एका फाईलमध्ये लिहिला, कीबोर्ड काढून पुन्हा जोडला आणि पडदा उजळला. मराठी अक्षरांच्या जागी मात्र नुसते चौकोन. मग रोमन अक्षरांत पहिल्या कप्प्याला 'लग्न' लिहिलं, दुसऱ्याला 'घर'.

"तिसऱ्याला काय लिहू, मामा?"

ते पडद्याकडे वाकले. "हळू," म्हणाले.

चहा घेऊन आलेल्या मामींनी पडदा वाचला. गाळ्याचा विषय त्यांनी काढला नाही. "तेवढा निळा रंग बदलता येतोय का बघ गं," म्हणाल्या. "डोळ्याला बोचायलाय."

दुकान अजून मामांचंच आहे. सुट्टीत गेले की मी तिथल्या बाकावर बसते. लग्नाच्या पत्रिका डाव्या हाताने झरझर निघतात, जोडीला मुक्त सॉफ्टवेअरचं महत्त्व असतंच. पण केस काढलेला कुणी दारात आला की मामा कप्पा बदलतात आणि पडद्यावर 'हळू' उमटतं. त्या कप्प्यातली सगळी बटणं त्यांनी मला रिकामीच ठेवायला लावली आहेत. मग उजव्या हाताच्या त्या सावकाश बोटाने ते गेलेल्या माणसाचं नाव एकेक अक्षर करत लिहितात. समोरचा माणूस ताटकळतो. तेव्हा मामा कसलंच महत्त्व समजावत नाहीत, फक्त चहा सांगतात.