जिनिंगच्या मागे आलेली सहल

आमच्या वस्तीत कधी सहल येईल असं मला वाटलं नव्हतं. हिंगोलीची माणसं सहलीला औंढ्याला नाहीतर सिद्धेश्वरच्या धरणावर जायची. कापसाच्या जिनिंगमागच्या आमच्या वस्तीत कुणी आलंच, तर ते वीज तोडायला यायचं.

नव्वद सालाच्या सुमारास जिनिंग बंद पडली. कापसातली सरकी काढायचे रेचे भंगारात गेले, गठाणी दाबायच्या प्रेसच्या जागी बाभळी उगवल्या. पुढे काही वर्षांनी बाहेरगावच्या इतिहासप्रेमी मंडळींनी ‘कामगार वारसा’ पायी फिरून बघायचं ठरवलं. मी शाळेत इतिहास शिकवायची आणि माझे वडील रेच्यावर कामाला होते, म्हणून वाट दाखवायचं काम माझ्याकडे आलं. संयोजकांनी एकच सांगितलं होतं : एखादी जुनी, अस्सल पत्र्याची खोली दाखवा.

तशी एकच उरली होती, शेजारच्या काकीची. काकी तांड्यावरून लग्न होऊन इथं आली आणि उभा जन्म कापसाच्या धुरळ्यात राबली. पाहुणे घर बघायला येणार आहेत, एवढंच मी तिला सांगून ठेवलं.

पाहुणे पोचले तेव्हा पत्र्याला निळा ऑइलपेंट लागला होता. दारात फरशी होती. काकीच्या धाकट्या लेकाकडचा फ्रिज खोलीच्या मधोमध आणून ठेवलेला होता, हार घालून. संयोजकांचा चेहरा उतरला. मी जुनी चूल कुठे होती ते दाखवत राहिले. पाहुणे फ्रिज टाळून फोटो काढत राहिले.

एका बाईंनी मऊ आवाजात विचारलं, जिनिंगचा तो भोंगा अजून कानात घुमतो का?

“घुमतो की,” काकी म्हणाली. “भोंगा झाला की पीत असलेलं लेकरू अंगावरून ओढून पळावं लागायचं. आता वाजत न्हाई, लई बरं हाय.”

काकीनं फ्रिज उघडला आणि सगळ्यांसाठी थंडगार लिंबाचं सरबत काढलं. पाहुण्यांनी नम्रपणे नको म्हटलं. प्रत्येकाच्या पिशवीत स्वतःची बाटली होती. कामगारांच्या हालअपेष्टांवर हळहळणारी ती माणसं कामगारणीच्या घरचं पाणी मात्र पीत नव्हती. मी दोन पेले प्याले. काकीनं उरलेले पेले पुन्हा फ्रिजमध्ये ठेवले.

निघताना त्यांनी तिला घराच्या मागं, न रंगवलेल्या पत्र्यापाशी उभं केलं. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि उभी राहिली. पाहुण्यांची मर्जी राखायची, एवढंच तिला ठाऊक.

पुढच्या सहलीच्या पत्रिकेवर तोच फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं : लुप्त होत चाललेलं जीवन. मी ती पत्रिका काकीला वाचून दाखवली.

तिनं फोटो न्याहाळला. मग विचारलं, “काहून गं, मी काय लुप्त होऊन राहिले का?”

त्या पुढच्या सहलीला वाट दाखवायला मी नकार दिला, तर काकी म्हणाली, तुला जमत नसंल तर मी नेते. आणि खरंच तिनं नेलं. जिनिंगच्या फाटकावरून तिनं त्यांना न थांबता पुढे काढलं आणि थेट थोरल्या लेकाच्या मोबाइलच्या दुकानात उभं केलं. तिथं ती लेकाच्या दुकानाबद्दल बराच वेळ, फार आनंदानं बोलत होती. मी गर्दीच्या शेवटी उभी राहून ऐकत होते.