बाबांचा कप रिकामा ठेवायचा नव्हता

आठवीतून शाळा सोडलेल्या मला मोरीसान या जपानी माणसाने जपानातल्या आपल्या खाणावळीत ठेवून घेतलं, हे आधी सांगतो. (पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष नाही. माझाच आहे.)

दोन वर्षांनी मी सुट्टीवर गावी, तेल्हाऱ्याला निघालो, तर तेही सोबत आले. "तुझ्या घरच्यांना आमचं जेवण खाऊ घालू!" इकडे बाबांनी फोनवरच बजावलं होतं, "मालक पाहून घेतो. पटला तं परत जाशीन, नाई तं वावर हायेच!" माझी झोपच उडाली.

घरी पोचलो त्याच दुपारी मी सूप चढवलं. बाबा डोकावले.

"कायचं हाय बे?"

"सोयाबीनचं."

"सोयाबीन? मानसं खातेत?" (जन्मभर पिकवलं, चव कधी पाहिली नाही!)

ओसरीवर मोरीसाननी साके कोमट करून ठेवली होती. तांदळाची दारू, कप बुचाएवढा. "बाबा, पाहुण्याच्या मानासाठी घोटभर घ्या," म्हणून मी आत पळालो. सांगायचं राहिलं ते एवढंच, की जपानात कप रिकामा दिसला की समोरच्याने लगेच भरायचा. नको असेल, तर भरलेलाच ठेवायचा! आणि आमच्याकडे पाहुण्याने दिलेलं उरवलं, तर त्याचा अपमान.

बाबा रिकामा करत, मोरीसान भरत. बाबा पुन्हा रिकामा करत!

दुसऱ्या बाजूने आई गोवरीवर भाजलेले, तुपात बुडवलेले कणकेचे रोडगे वाढत होती. मोरीसान ताटात कण उरवत नाहीत. ताट रिकामं दिसलं की आई वाढे. "बाप्पा, उपाशी ठेवतेत का याले तिकडं?"

मी सूप घेऊन बाहेर आलो, तर मोरीसान चौथ्या रोडग्याशी झुंजत होते आणि जन्मात थेंब न घेतलेले बाबा बाजेवर डोलत होते.

"बाबा, बास करा!"

"मी काऊन थांबू? थो थांबू दे! भरूनच राहिला!"

मोरीसान माझ्या कानाशी लागले, "तुझे वडील थांबतच नाहीत. बाटली संपली!"

बाबांनी त्यांना मिठीच मारली. "लय भला मानूस! जाय बे तू जपानले!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुपाला कोणी हात लावला नाही.

सकाळी मी विचारलं, "बाबा, तिकीट काढू?"

"कायचं तिकीट? मी कवा हो म्हनलो?"

बाबांनी हळूच मोरीसानच्या बॅगेकडे पाहिलं. "पुन्हा इचारून पाय. पन कालच्यासारखं इचारजो!"

बॅगेत दुसरी बाटली होती, म्हणून आज हे जपानात बसून लिहितोय. मोरीसान, तुमचे उपकार एक दिवस नक्की फेडीन. माझ्या हातच्या जेवणाने फेडले असते, पण ते अजून माझ्या घरच्यांनीसुद्धा चाखलेलं नाही!