चौदाव्या मजल्यावरचे सहा नळ

बुधवारी दुपारी चौदाव्या मजल्यावरच्या पॅन्ट्रीत मी शेवटच्या फेरीतला शेवटचा नळ बंद केला, टॅबवर हिरवी टिक केली आणि चेकलिस्टवर शंभर टक्के दिसायला लागले. रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ऑफिस उघडणार होतं. अर्धे लोक या आठवड्यात आणि अर्धे पुढच्या, असलं काही नाही. सगळे, रोज, पूर्वीसारखे. मला इतका आनंद झाला होता की मी मास्कच्या आत एकटीच हसत होते.

मी फॅसिलिटीज इंजिनिअर आहे. इमारत बांधणारे लोक निघून गेले की ती चालू ठेवणारे जे उरतात, त्यांच्यापैकी एक. दोहा शहरात, वेस्ट बेमधल्या एका टॉवरमध्ये आमच्या क्लायंटचे तीन मजले आहेत. कोविडच्या निर्बंधांच्या काळात तिथे मोजकीच माणसं यायची. आता सगळी परतणार म्हणून लिफ्ट, एसी आणि पाणी तपासायचं काम आमच्याकडे आलं. त्यातलं पाणी माझ्याकडे. ‘पाणी सुरक्षित आहे’ या सर्टिफिकेटवर पहिल्यांदाच माझी सही होणार होती.

बंद इमारतीतलं पाणी शिळं होतं. नळ चालू असतो तोवर पाइपमधलं पाणी बदलत राहतं आणि त्यात क्लोरीन असतं. नळ महिनोन्‌महिने बंद राहिला की क्लोरीन उडून जातं आणि पाणी कोमट होऊन पडून राहतं. दोह्यात तर उन्हाळ्यात थंड पाण्याच्या नळालाच गरम पाणी येतं. आम्ही घरी गीझर बंद ठेवतो आणि त्यातलं पाणी थंड म्हणून वापरतो. अशा कोमट पाण्यात लेजिओनेला नावाचा जंतू वाढतो आणि त्याने न्यूमोनिया होतो. म्हणून आधी टाक्या साफ करायच्या, मग जास्त क्लोरीनचं पाणी सोडायचं, मग एकेक नळ उघडून जुनं पाणी घालवायचं. याला आम्ही फ्लशिंग म्हणतो. शेवटी सॅम्पल लॅबला. रिपोर्टला दहा दिवस लागतात. माझे सगळे रिपोर्ट आले होते, सगळे चांगले.

“काय गो बाय, झाला काय तुझा काम?” बशीरचाचांनी विचारलं.

बशीरचाचा म्हणजे त्या मजल्यावरचे ऑफिस बॉय. वय अठ्ठावन्न. गाव दापोलीकडचं. पंधरा-सोळा वर्षं याच पॅन्ट्रीत चहा करतायत. पहिल्या दिवशी माझं वसईचं आडनाव आयडी कार्डावर वाचून ते मराठीत बोलायला लागले, आणि मी इंग्लिशमध्ये उत्तरं देत राहिले. मी जन्मले दोह्यात, शिकले इंग्लिश मीडियममध्ये. माझं मराठी घरातलं आहे. बाहेरच्या कोणी मराठीत विचारलं की मला उगाचच लाज वाटते.

“यस, ऑल डन,” मी म्हणाले.

“मग रविवारी वुझूची खोलीपण खोलणार ना?”

“विच रूम?”

त्यांनी कॉरिडॉरच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे इतके दिवस खुर्च्यांचा ढीग होता. दोन माणसांत अंतर राहावं म्हणून डेस्कवरून काढलेल्या सगळ्या खुर्च्या तिथे रचल्या होत्या. त्या दिवशी सकाळीच त्या परत जागेवर गेल्या होत्या. ढिगामागे एक दार होतं. दारावर नमाजाच्या खोलीची पाटी, आणि बाजूला आणखी एक छोटं दार.

वुझू म्हणजे नमाजाआधी हात, तोंड, नाक, पाय धुणं. मी इथेच वाढले, मला हे माहीत होतं. शाळेत, मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर, सगळीकडे अशी जागा असते. पण पुरुषांच्या वुझूच्या खोलीत मी कधी गेले नव्हते, आणि जे दार आपलं नाही ते दिसतही नाही.

चाचांनी ते छोटं दार उघडलं. समोर सहा बुटके नळ, सहा दगडी बैठका. सगळ्यावर धुळीचा थर.

माझ्या चेकलिस्टवर यातला एकही नळ नव्हता.

चेकलिस्ट मी ड्रॉइंगवरून केली होती. ड्रॉइंग टॉवर बांधला तेव्हाचं. खोली नंतर केलेली. प्लंबर थापा माझ्या लिस्टप्रमाणे गेला, मी ड्रॉइंगप्रमाणे, आणि आम्ही दोघं रोज त्या खुर्च्यांसमोरून जात होतो.

“नमाजाची खोली बंद झाली तसा मी पॅन्ट्रीतच एका कोपऱ्यात पढतो,” चाचा म्हणाले. “वुझू घरून करून यायचा, आणि मोडू नये म्हणून दिवसभर सांभाळायचा. आता रविवारी दुपारच्या नमाजाला, जोहरला, पहिला नंबर माझा. सगळ्यांना सांगून ठेवलाय.” एवढं बोलून त्यांना खोकला आला. पहिल्या लाटेत ते कितीतरी दिवस हॉस्पिटलमध्ये होते. अजून एक जिना चढले तरी त्यांना थांबावं लागतं.

मी खाली बघितलं. टॅबवर शंभर टक्के तसेच दिसत होते.

संध्याकाळी मेट्रोच्या रेड लाइनने अल वक्राला घरी गेले. मम्मी नर्स आहे. मी जेवताना सहज विचारल्यासारखं तिला विचारलं, की असलं पाणी कोणी नाकात घेतलं तर काय होतं.

“पोटात गेलं तर बहुतेक वेळा काही नाही,” ती म्हणाली. “बारीक तुषार श्वासातून छातीत गेले तर वाईट. आधीच छाती अधू असेल तर फारच वाईट. कोण घेतंय नाकात?”

“कोणी नाही.”

“लिझा.”

मग सांगितलं. ती जेवायची थांबली. “चर्चच्या दारातलं पवित्र पाण्याचं भांडं अजून कोरडं आहे, तर दर वेळी बोटं बुडवायला माझा हात तिकडे जातो आणि रिकामा परत येतो,” ती म्हणाली. “तो माणूस किती दिवस वाट बघतोय ते तू मला सांगायला नको. तुझ्या सरांना सांग.”

आमचे कुलकर्णी सर पुण्याचे. माणूस वाईट नाही, पण गुरुवारी सकाळी त्यांना वाईट बातमी देऊ नये, कारण शुक्रवारी सुट्टी असते. मी आदल्या रात्रीच ईमेल पाठवून ठेवला होता, पाच पॅराग्राफचा. सर ईमेल वाचत नाहीत हे मला माहीत होतं. म्हणूनच बहुधा लिहिला. सकाळी त्यांच्या टेबलासमोर जाऊन एवढंच म्हणाले, “सर, ईमेल केलाय.”

“ईमेल कसला? मी समोर बसलोय,” सर म्हणाले. “तुझं मराठी इंग्लिशसारखं आणि इंग्लिश मौनासारखं. बोल.”

मी बोलले. सहा नळ, ड्रॉइंगमध्ये नाहीत, सॅम्पल नाही, फ्लशिंग नाही.

“बाकी सगळं क्लिअर आहे ना? मग थापाला सांग, नळ पाच-दहा मिनिटं सोड. फोटो काढ, सही कर. सॅम्पल घे, रिपोर्ट येईल तेव्हा येईल.”

“सर, ती डेड लेग आहे.”

डेड लेग म्हणजे पाइपची अशी फांदी जिच्यात पाणी शिरतं पण पुढे कुठे जात नाही. तिच्या आत चिकट थर साचतो. पाच मिनिटांच्या पाण्याने तो निघत नाही, उलट ढवळला जातो.

“मग खोलीला कुलूप लाव.”

“क्लायंटला सगळ्यात आधी तीच खोली हवी आहे.”

“ही चूक कोणाची आहे?”

“माझी. मी ड्रॉइंगवर विश्वास ठेवला. मजला फिरून बघितला नाही.” मी टॅब त्यांच्यासमोर सरकवला. “पण मी सही नाही करणार, सर. ते पाणी पहिलं बशीरचाचांच्या नाकात जाणार आहे.”

सर खुर्चीत मागे रेलले. मग म्हणाले, “बोलतेस की तू.” आणि फोन उचलला. “चल. हुदा मॅडमना आपणच सांगू. दुसऱ्या कोणाकडून कळलं तर खलास.”

हुदा मॅडम क्लायंटच्या ॲडमिन मॅनेजर, इजिप्तच्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, “माझ्या लोकांना मी सांगितलंय, रविवारी सगळं पहिल्यासारखं. नमाजाची खोली बंद ठेवली तर ते काय पहिल्यासारखं?”

सर माझ्याकडे बघायला लागले. मी टेबलाकडे. चहा घेऊन बशीरचाचा आत आले होते. ट्रे ठेवला पण गेले नाहीत.

“मॅडम, ये पानी का लाइन मैंने देखा है,” ते हिंदीत म्हणाले. “जब ये रूम बना, मैं इधरीच था. मोठा फेरा मारून आणलाय,” मधेच माझ्याकडे वळून मराठीत, “टॉयलेटच्या मागून, छतातून. तेव्हाच मी मिस्त्रीला बोललो, अरे, माझी पॅन्ट्री भिंतीपल्याड आहे, तिथून घे ना. तो बोलला, चाचा, तुम्ही चाय करा.”

मला एकदम हसू आलं. मग थांबलं, कारण ते काय म्हणाले ते मला कळलं.

पॅन्ट्रीची लाइन माझ्या चेकलिस्टवर होती. फ्लश झालेली होती, रिपोर्ट आलेला होता. दारं लांब असली तरी वुझूची खोली आणि पॅन्ट्री यांच्यात एकच भिंत. जुनी फांदी मुळापासून कापायची, भिंतीला भोक पाडून पॅन्ट्रीतून नवा पाइप आणायचा, नवे नळ बसवायचे, सगळ्यात क्लोरीन भरून ठेवायचं आणि धुऊन काढायचं. जुनं काहीच राहणार नाही.

हे मी इंग्लिशमध्ये, न अडखळता, तीन माणसांसमोर बोलले. कागदावर रेघा काढून दाखवल्या. सरांनी मधे एकदाही तोंड घातलं नाही.

“सहाही नळ?” मॅडमनी विचारलं.

“रविवारपर्यंत तीन. बाकीचे पुढच्या आठवड्यात.”

“इन्शाल्ला?”

“नाही मॅडम, नक्की,” मी म्हणाले, आणि मग घाबरून जोडलं, “इन्शाल्ला.” त्या हसल्या.

शुक्रवारी सकाळी थापा आणि त्याचा माणूस ड्रिल घेऊन आले. माझी सुट्टी होती, पण मला घरी बसवेना. जुना व्हॉल्व्ह कुठे आहे ते कोणालाच सापडत नव्हतं. दुपारी जुम्म्याची नमाज आटोपून चाचा थेट तिकडे आले, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात, आणि छताच्या एका पॅनेलखाली उभं राहून म्हणाले, “हा खोल.” व्हॉल्व्ह तिथेच होता.

कापण्याआधी मी मास्क आणि ग्लव्हज घालून जुन्या नळाचं सॅम्पल घेतलं. चाचांना बाहेर उभं केलं.

“मला काय होतंय?” ते म्हणाले.

“चाचा, बाहेर थांबा,” मी म्हणाले. मराठीत. मला ते नंतर लक्षात आलं. त्यांना लगेच आलं असावं, कारण ते मुकाट्याने बाहेर गेले.

पाइप कापल्यावर आतून चहासारखं पाणी आलं. थापाने पाइपचा तुकडा उलटा धरला आणि बोटभर तपकिरी थर मला दाखवला. मी त्याचा फोटो काढून सरांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

संध्याकाळी नव्या पाइपात क्लोरीन भरून ठेवलं. शनिवारी ते सगळं धुऊन काढलं आणि नवीन सॅम्पल घेतलं. त्याचा रिपोर्ट रविवारपर्यंत येणार नव्हता, हे मी सर्टिफिकेटवर लिहिलं: तपासलेल्या लाइनमधून नवा पाइप, निर्जंतुक केलेला, रिपोर्ट यायचा आहे. तीन नळ चालू, तीन बंद. सही केली. सही जरा वाकडी आली.

रविवारी मेट्रोतून वेस्ट बेला उतरले तर स्टेशनवर माणसंच माणसं. लॉबीत गर्दी, लिफ्टसमोर रांग. कोणी कोणाचा हात धरून उभं होतं, कोणी अजून दोन पावलं लांबूनच छातीवर हात ठेवून सलाम करत होतं. मी गर्दी टाळणारी मुलगी आहे. त्या दिवशी मी तीन लिफ्ट मुद्दाम जाऊ दिल्या, नुसतं बघायला.

जोहरच्या वेळी मी कॉरिडॉरच्या या टोकाला टॅब घेऊन उभी राहिले, काहीतरी तपासत असल्यासारखी. बशीरचाचा बाह्या वर सारत आले. मागे पाच-सहा जण होते, पण त्यांना सगळ्यांनी पुढे जाऊ दिलं. दार लागलं. पाण्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा दाढीवरून थेंब ओघळत होते.

“थंड आहे गो पाणी,” ते म्हणाले. “आधीच्यापेक्षा बरा.”

दहा दिवसांनी जुन्या नळाचा रिपोर्ट आला. लेजिओनेला सापडला होता, मर्यादेच्या कितीतरी वर. नव्या पाइपचा रिपोर्ट स्वच्छ होता. कुलकर्णी सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले, स्वतःचा चष्मा पुसला आणि म्हणाले, “तो पाच पॅराग्राफचा ईमेल मी आता वाचला. दोन पॅराग्राफ पुरले असते.”

त्यानंतर मी आणखी चार इमारती उघडल्या. ड्रॉइंग अजूनही मागवते, पण दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी तिथे चहा कोण करतं ते विचारते आणि त्या माणसाबरोबर मजला फिरते.