श्रीगोंद्याच्या वाटेवर जोडलेला फोन

सोमवार, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, सकाळचे साडेदहा. गाडीत आम्ही तिघं: चालवायला मी, शेजारी धाकटा भाऊ, मागे आई. केडगावहून मी एकटी निघाले होते, या दोघांना काष्टीला घराच्या दारातून घेतलं. जायचं होतं श्रीगोंद्याला, दुय्यम निबंधक कार्यालयात. काम एकच. वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा भावाच्या नावे सोडायचा, हक्कसोडपत्रावर सही करायची. आमच्याकडे बहिणी अशी सही करतात. आत्यांनी केली, मावशीनं केली. साडी घेतात, जेवतात आणि माहेर शाबूत राहतं. भाऊ म्हणाला होता, सातबाऱ्यावर नावं जास्त असली की प्रत्येक कामाला सगळ्यांच्या सह्या गोळा कराव्या लागतात, एवढंच कारण. मला ते पटलं होतं. कागदांची फाईल मीच लावली होती.

निघताच आई म्हणाली, "त्याच्या मोबाईलात सप्त्यातली भजनं हायती. लाव की जरा."

भावानं ब्लूटूथ लावलं. पडद्यावर 'कनेक्टेड' आलं, आवाज मात्र कुठूनच येईना. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालला होता. त्याचा स्पीकर एवढा मोठा, की त्याचं गाणं आमच्या बंद काचांतूनही स्वच्छ ऐकू येत होतं.

"ताई, तुझ्या गाडीपरीस ट्रॅक्टर बरा," भाऊ म्हणाला.

"थांब. उगाच बटणं दाबू नकोस. क्रमानं जाऊ."

"झालं. आता यादी काढंल ही," आई मागून म्हणाली. "लग्नात पाठवणीच्या टायमालाबी डबे मोजत हुती."

"एक कमीच निघाला होता," मी म्हटलं.

एका रसवंतीपुढे गाडी बाजूला घेतली. आधी भावाच्या मोबाईलचा आवाज तपासला, तो पूर्ण होता. मग स्टिरिओतली जोडलेल्या मोबाईलची यादी उघडली. त्यात भावाच्याखेरीज आणखी पाच नावं: नवऱ्याचे दोन, मुलीचा एक, माझा एक आणि एक कुणाचा तेच कळेना. माझ्या लक्षात आलं, पर्समधल्या माझ्याच मोबाईलनं स्टिरिओ धरून ठेवलाय. माझं ब्लूटूथ बंद केलं. सगळीच नावं काढून टाकली. भावाच्या मोबाईलमधूनही गाडीचं नाव काढलं, दोन्ही बंद करून पुन्हा सुरू केलं आणि नव्यानं जोडलं. दोन्ही पडद्यांवरचा आकडा जुळला. मग स्टिरिओनं विचारलं, हा मोबाईल कशासाठी वापरायचा? खाली दोन चौकोन होते, एक फोनसाठी, एक गाण्यांसाठी. आम्हाला गाण्यांचा पुरेसा होता. काम अर्धवट ठेवायचं नाही म्हणून मी दोन्हींवर खूण केली.

भजन सुरू झालं. आई मांडीवर ठेका धरायला लागली. "जमलं गं बाई हिला," ती म्हणाली. मला बरं वाटलं, ते नाकारत नाही.

दोन-तीन किलोमीटर गेलो असू. भजन मध्येच थांबलं आणि रिंग वाजली. भावानं सवयीनं मोबाईल उचलून कानाला लावला. गाडीच्या चारही स्पीकरमधून वहिनी बोलायला लागली.

"अहो, झाली का सही? अजून न्हाई? बरं, ताईंपुढं रस्त्याकडच्या एकराचं काय बोलला न्हाई ना? प्लॉटवाला गुरुवारी इसार द्यायला येतोय. सही हुईस्तवर गप ऱ्हावा. त्यांना कळलं तर हिस्सा मागत्याल."

भाऊ मोबाईल कानाला आणखी घट्ट दाबत होता. "गाडीत हाय मी. ठेव."

"ठेव काय? आईंनाबी सांगा पुन्यांदा. काल बजावलंय मी, पन त्या बोलून जात्यात."

"ठेव म्हन्तो ना!"

आवाज कमी करायचं बटण माझ्या डाव्या हाताशी होतं. मी ते फिरवलं नाही.

फोन कट झाला आणि भजन जिथे थांबलं होतं तिथून आपोआप सुरू झालं. ते बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. आरशात पाहिलं तर आई खिडकीबाहेर बघत होती. मांडीवरचा हात थांबला होता.

"ताई, तसं न्हाई ते," भाऊ म्हणाला.

"मग कसं?"

आई म्हणाली, "फुडं बघून चालव."

मी पुढे बघून चालवलं. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्यानं सरळ सांगितलं असतं, की ताई, एकर विकतोय, सही दे, तर मी दिली असती. कदाचित किती मिळतात तेही विचारलं नसतं. आता सही केली, तर फसवणूक कळूनही मी ती मुकाट्यानं मान्य केली असं होणार. नाही केली, तर वहिनी म्हणाली तेच खरं ठरणार. तिसरा मार्ग मला सापडेना, आणि मार्ग न सापडण्याची मला सवय नाही.

कार्यालयासमोर गाडी लावली. दाराशी माणसं फायली घेऊन उभी होती. मी चावी काढली आणि म्हणाले, "माझं आधार कार्ड घरी राहिलं."

कार्ड फाईलच्या पहिल्याच कप्प्यात होतं आणि फाईल भावाच्या मांडीवर होती. त्यानं खाली पाहिलं. पारदर्शक कप्प्यातून माझा फोटो सरळ दिसत होता. त्यानं त्यावर हात ठेवला.

"राहतं कवा कवा," तो म्हणाला.

"हिचं?" आई म्हणाली. "हिचं राहिलं?" मग तिला फाईलवरचा भावाचा हात दिसला आणि ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

परत काष्टीला सोडलं तेव्हा वहिनी दारात होती. जेवून जा म्हणाली. तिला काही कळलेलं नव्हतं. मी काम आहे म्हणून निघाले.

याला तीन आठवडे झाले. भावाचा फोन येतो. ऊसतोड कुठवर आली ते सांगतो, आईचे गुडघे कसे आहेत ते सांगतो. प्लॉटवाल्याचं तो काढत नाही, मीही विचारत नाही. सहीसाठी कार्यालयाची नवी वेळ ऑनलाइन घ्यायची आहे, आणि ती मीच घ्यायची, कारण घरातली असली कामं माझ्याकडेच असतात. रोज सकाळी दिवसाची कामं लिहिताना हे पहिलं लिहिते. अजून घेतलेली नाही.