वहिनीची घट्ट गुंडाळी

कारखान्यातल्या आमच्या वहिनीच्या कामाला कुणी ढिलं म्हटलं, तर तिच्या अंगाचा तिळपापड होतो. विजेच्या मोटारींत तारेची वेटोळी भरण्यात तिची हयात गेली. तांब्याच्या तारेवर वीज अडवणारी पट्टी अशी आवळते, की मुंगीचासुद्धा जीव गुदमरावा. वर व्हार्निशचा चकचकीत हात. शेजारच्या टेबलावर तिची धाकटी नणंद. तिचा हात सैल, जीभ त्याहून सैल.

कारखान्यात नवं काम आलं: उणे एकशे शहाण्णव अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडून चालणारी वेटोळी. तपासनीस बाईंनी जाहीर केलं, "दोघी एकेक वेटोळं भरा. थंडीत जिचं टिकेल, ती नव्या विभागाची मुकादम."

वहिनीला ती जागा हवीच होती. अख्खा कारखाना पुरुष मुकादमांच्या तालावर नाचतो, हे तिला आणि मला सारखंच खुपत होतं. म्हणून कामगार संघटनेतर्फे मी चाचणीला ठाण मांडून उभा.

नणंदेचं वेटोळं बुडालं. धुरासारखी वाफ उठली, बुडबुडे थांबले, वीज चढवली. शांत. मग वहिनीचं. तड! ठिणगी.

"हिनं करणी केली!" वहिनी ओरडली.

"मला पट्टी धड गुंडाळता येत नाही म्हणता, करणी कुठली येणार?" नणंद फिस्सकन हसली.

मी बाह्या सरसावल्या. बाईंनी वेटोळं बाहेर काढून दाखवलं. थंडीत पट्टी तांब्याहून जास्त आकसते. वहिनीची आधीच ताणलेली, त्यात व्हार्निशनं जखडलेली. सरकायला जागाच नाही. तडकली, आणि भेगेतून वीज निसटली. नणंदेच्या कोरड्या, सैल पट्ट्या एकमेकींवरून सरकल्या नि वाचल्या.

"आधी सांगायचं ना!" मी गरजलो.

"सांगितलं होतं. सूचना भिंतीवर आहे," बाई म्हणाल्या.

"मला भरायला शिकवणारी भिंत अजून बांधायचीय," वहिनी म्हणाली.

मुकादमी नणंदेला गेली. संध्याकाळच्या आत वहिनीनं आपलं स्टूल ओढत नणंदेच्या टेबलाशी आणलं.

"सरक. दाखव कसं भरतेस."

"मुकादमबाई, दाखवा, असं म्हणा की वहिनी."

"दाखवतेस की जाऊ?"

नणंदेनं पट्टी हातात दिली. वहिनीनं सवयीनं एक हिसका दिला, तशी तिच्या मनगटावर चापट बसली.

"आवळायचं नाही."

वहिनीनं ओठ चावला आणि पट्टी सोडवायला घेतली.