तोरणाखालचं ट्रॅक्टर

आमच्या गावात पोळ्याची शेवटची झडती मी म्हणायचो. पोळ्याला सगळ्या गावाचे बैल सजवून आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली ओळीनं उभे करतात. तोरण तुटायच्या आधी गावातले गडी खड्या आवाजात एकेक झडती टाकतात. झडती म्हणजे यमक जुळवलेलं चार ओळींचं बोलणं. त्यात बैलाचं कौतुक असतं, मालकाला चिमटा असतो, सरकारला शिवी असते, कधी सासऱ्यालाही असते. म्हणणारा शेवटी 'हर बोला' म्हणतो आणि सारं गाव 'हर हर महादेव' करतं. गावानं आवाज दिला म्हणजे झडती पटली. नाही दिला तर मान खाली घालून मागं सरायचं. शेवटच्या झडतीवर तोरण तुटतं, म्हणून ती कोणाच्याही हाती देत नाहीत. माझ्याकडे आली तेव्हा माझ्या मिशा काळ्या होत्या.

मी तिसरीत शाळा सोडली. पण झडती मी दुसऱ्याची कधी उचलली नाही आणि आपली शिळी कधी वाढली नाही. दरसाल नवी. वखरामागं चालता चालता ओळ सुचायची, मग धुऱ्याच्या बांधावर भाकर खाताना तिला जोड सापडायची. लिहून ठेवायची गरज पडली नाही, कारण माझा एक दोस्त होता. लहानपणापासूनचा. माझी झडती त्यानं एकदा ऐकली की त्याला पाठ. मी विसरलेल्याही त्याला येतात. लग्नात, पारावर, एसटीत, कुठंही तो माझ्या झडत्या म्हणून दाखवायचा आणि वर सांगायचा, "ह्या माह्या दोस्ताच्या हायेत, मी निस्ता हमाल." माझ्यावर एवढा जीव टाकणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

हाच दोस्त मागच्या साली पोळा कमिटीचा अध्यक्ष झाला, आणि पोळ्याच्या आठवडाभर आधी एका माणसाला घेऊन माझ्या ओट्यावर आला. माणूस ट्रॅक्टरच्या एजन्सीचा होता. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. त्याची कंपनी त्या साली मांडव देणार, डफडे-सनईवाले देणार, चांगल्या जोडीला बक्षीस देणार. बदल्यात ओळीत सगळ्यात पुढं, तोरणाखाली, त्यांचं नवं ट्रॅक्टर उभं राहणार. आणि शेवटची झडती ट्रॅक्टरवर.

त्यानं मला एक कागद दिला. झडती तयारच होती, कंपनीच्या नावासकट.

मी म्हटलं, "हे कोनं लेहलं?"

"आमच्या ऑफिसात एक मुलगा आहे, बाबाजी. कविता करतो."

"मंग त्याच्याच तोंडून म्हणवा."

दोस्त मधी पडला. "अबे, तसं नोको करू. तुह्या शब्दात म्हण ना. तुले काय जड हाये? फक्त बैलाच्या जागी ट्रॅक्टर."

"बैलाच्या जागी ट्रॅक्टर," मी म्हटलं, "हेच तं म्हणून राह्यलो मी, की नाई म्हणत."

एजन्सीवाला हसला. चांगला हसला, वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, "बाबाजी, राग मानू नका, पण तुमच्या वावरात नांगरटी कशानं होते?"

आता हे खरं होतं. माझ्या गोठ्यात बैल नव्हते. पोरानं विकले, मी विकू दिले. चारा परवडत नव्हता, माणूस मिळत नव्हता, आणि माझे गुडघे धरले होते. वावरात भाड्याचं ट्रॅक्टर येतं, तासाभरात सगळं उलथून जातं. सारं गाव हेच करतं. ओट्यावर उभे असलेले दोघंही माझ्या तोंडाकडं पाहत होते, की आता बुढा सापडला.

मी म्हटलं, "ट्रॅक्टरनं होते. भाडं देतो मी त्याचं. भाड्यात नांगरटी येते, तारीफ येत नाई."

एजन्सीवाल्याला ते पटलं की काय माहीत नाही, त्यानं कागद खिशात घातला. दोस्त मात्र जाताना म्हणाला, "सामान आलं हाये, मांडव ठरला हाये. तू येशीन तवा पाहू." त्याला वाटलं मी ताणून धरून राहिलो आहे, ऐन वेळी सोडीन. आमची एवढी वर्षांची ओळख, आणि त्याला एवढंही कळू नये याचं मला नवल वाटलं.

घरात बायको, माझी म्हातारी, सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "बैल खुट्यावरून सोडले तवा तोंडातून एक शब्द काढला नाई तुमी. अन् आता कायले बैलाचा कैवार घेता?"

"तवा मले कोनं झडती म्हणाले सांगतली नव्हती," मी म्हटलं.

"हो, तुमचं खरं." तिचं 'तुमचं खरं' म्हणजे काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

त्या रात्री मी पडल्या पडल्या विचार केला तो एवढाच. मी बैल विकले, ही पोटाची गोष्ट झाली. पोटापुढं मी वाकलो, सारे वाकतात, त्याची लाज मला वाटत नाही. पण माणूस एका जागी वाकला म्हणजे त्यानं साऱ्याच जागी वाकायचं का? हा कोणता कायदा? आजकाल जो उठतो तो हेच बोलतो. तू कंपनीचा मोबाईल वापरतो ना, मग कंपनीबद्दल बोलू नको. तू ट्रॅक्टर लावतो ना, मग बैलाचं नाव घेऊ नको. म्हणजे ज्याच्याकडून काही विकत घेतलं त्याला जीभही देऊन यायची. मी देत नसतो.

पोळ्याच्या दिवशी मी धोतर नेसून, फेटा बांधून गेलो. मांडव मोठा होता. ट्रॅक्टर खरंच तोरणाखाली उभं. त्याच्यावर झूल टाकलेली, बोनेटला बाशिंग बांधलेलं, पुढच्या दिव्यांना गेरू लावलेला. मागं बैलांच्या अकरा की बारा जोड्या. एके काळी ही ओळ शाळेपर्यंत जायची. बैल त्या लालभडक धुडाकडं पाहून बुजत होते आणि मालक त्यांना आवरत होते.

इतरांच्या झडत्या झाल्या. मग दोस्तानं माईकवर माझं नाव पुकारलं आणि वर जोडलं, "आता आईका, टॅक्टरची झडती!"

मी माईक बाजूला केला. ट्रॅक्टरपुढं जाऊन उभा राहिलो आणि दोस्ताला विचारलं, "याले काल आवतण देलं होतं का?"

 आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला, जिथं जू घासतं तिथं, तूप-हळद चोळतात आणि त्याच्या कानात सांगतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.' हे आमंत्रण दिल्याशिवाय बैल पोळ्यात आणत नाहीत. कमिटीनं हार आणला, झूल आणली, बाशिंग आणलं. आवतण कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दोस्त गडबडला. "ते... राह्यलं बापा. आता देऊन टाकू."

"दे ना. खांदा कोठी हाये याचा? दाखव, मीच तूप लावतो."

मागून एक बाई हसली. मग सारा मांडव हसला. कोणीतरी ओरडलं, "कान कोणता हाये तेबी इचारा!" ट्रॅक्टरवर बसलेला ड्रायव्हरसुद्धा हसत होता. शेवटी त्यानंच ट्रॅक्टर चालू केलं आणि बाजूला घेतलं. पहिली जोडी तोरणाखाली आली, मी बैलाची झडती म्हटली, आणि गावानं 'हर हर महादेव' असं केलं की मांडवाचं कापड हाललं. एजन्सीवाला गेला, बक्षीसही त्याच्यासोबत गेलं. दोस्त दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

इथं संपलं असतं तर मी जिंकलो असं सांगत फिरलो असतो. पण लोकांच्या हसण्यावर जिंकलेलं टिकत नाही.

यंदा पोळ्याच्या दोन दिवस आधी दोस्त एकटाच आला. एजन्सी पुन्हा तयार होती. तो ओट्यावर बसला, तंबाखू मळली, मलाही दिली.

"यंदा आवतण देऊन राह्यलो आमी," तो म्हणाला. "उद्या सांजी. तूप-हळद, सारं रीतसर."

"कोठी लावता तूप?"

"मागच्या हुकाले. जिथून ट्रॉली वढते. त्याच्यावरच वझं येते ना? मंग तोच खांदा." मग थोडं थांबून म्हणाला, "आता तं म्हणशीन?"

बोलणं बिनतोड होतं. हुक खरंच घासून चकचकीत झालेला असतो. मागच्या साली मी जी आडकाठी घातली होती ती त्यानं वर्षभर विचार करून काढून टाकली होती. आता माझ्या हातात रीत उरली नव्हती. नुसतं 'नाही' उरलं होतं.

"नाई म्हणत," मी म्हटलं.

"काहून पण?"

"मले वाटत नाई म्हणून. ते ट्रॅक्टर इकाले आलं हाये. त्याची झडती म्हणजे दुकानदारी."

दोस्त चिडला. "तुले काय जाते बे बोलाले! मांडव कोन देते? गावात वर्गणी मागाले गेलो तं लोक दार लावतात. पाच वर्सानं बैल राहणार नाईत. पोळाच राह्यला नाई तं झडती कोठी म्हणशीन? वावरात?"

"वावरातच झाल्या त्या साऱ्या. तिथंच म्हणीन."

"अन् आईकीन कोन?"

 मग मीही जिभेवर आलं ते बोललो. तरुणपणी आम्ही दोघं एका खंजेरीवाल्याचे वेडे होतो. त्याचं भजन ऐकायला चालत अनसिंग गावापर्यंत गेलेलो. पुढं तोच माणूस जीपवरच्या भोंग्यातून गुटख्याची जाहिरात गाऊ लागला. मी त्याची कॅसेट ठेवली, कारण गळा चांगला तो चांगलाच. दोस्तानं आपली कॅसेट चुलीत घातली आणि जेवला नाही त्या दिवशी.

"तवा तूच म्हणत होता ना," मी म्हटलं, "की पैशासाठी गायला तो मेला मले. आता मले त्याच जीपवर बसवून राह्यला?"

तो उठला. "त्याच्यापाशी तं पैसा होता. आमच्यापाशी काय हाये?" एवढं म्हणून तो गेला. आणि जाताना, ओट्याखालून म्हणाला, "तू नाई म्हणशीन तं मी म्हणीन. जागा खाली राहणार नाई."

मला वाटलं, म्हणू दे. त्याला कुठं झडती जुळवता येते!

पोळ्याला गेलो. नाही जाऊन घरात बसणं म्हणजे माझीच चूक असल्यासारखं झालं असतं. मांडवाच्या कडेला उभा राहिलो. तोरणाखाली ट्रॅक्टर, त्याच्या हुकावर हळद, आणि माझ्या जागेवर दोस्त. डोक्यावर कंपनीची टोपी. त्यानं माईक धरला आणि सुरुवात केली. झडती माझीच होती. फार जुनी, माझी मीच विसरलेली. मी म्हटली होती ती अशी:

वखर चाले वावरात, माती झाली लोणी,
बैलाच्या घामाची कदर केली कोणी?
मालक फिरते चवाट्यात, पीक मिरवे गावभर,
बैल उभा गोठ्यात, वळ त्याच्या पाठीवर!

त्यानं म्हटली ती अशी:

ट्रॅक्टर चाले वावरात, माती झाली लोणी,
ट्रॅक्टरच्या ताकदीची कदर केली कोणी?
मालक फिरते चवाट्यात, पीक मिरवे गावभर,
ट्रॅक्टर उभं दारात, हार त्याच्या टपावर!

आणि शेवटी कंपनीचं नाव. 'हर बोला' म्हणाला. गावानं आवाज दिला. पडका होता, पण दिला. मी तोंड उघडलं नाही. माझ्या शेजारच्या बुढ्यानं माझ्याकडं पाहून आवाज दिला आणि लगेच दुसरीकडं पाहिलं.

तोरण तुटायच्या बेतात होतं. मी ओळीच्या मागच्या टोकाला गेलो. तिथं शेवटची जोडी होती, एक बैल शिंगमोडका, सजावट म्हणून नुसता फुगा. मालक सालदारी करणारा गडी, त्याला वाटलं मी रस्ता मागतोय, तो बैल ओढू लागला. मी म्हटलं, "राहू दे, थांब." आणि माईक नाही काही नाही, त्या दोन बैलांपुढं उभा राहून मी माझी झडती पुरी म्हटली, पाठीवरच्या वळापर्यंत. पुढं गाणं लावलं होतं त्याच्यावर माझा आवाज चढला. 'हर बोला' म्हटलं. त्या गड्यानं आवाज दिला, त्याच्या बायकोनं दिला, पुढच्या दोन जोड्यांच्या मालकांनी वळून दिला. बाकी मांडवाला ऐकूही गेलं नाही.

संध्याकाळी बैल घरोघरी फिरतात. दोस्ताकडे अजून जोडी आहे. तो ती घेऊन माझ्या दारात आला, टोपी काढून खिशात घातलेली. म्हातारीनं बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं. मी पुरणाची पोळी भरवली.

तो म्हणाला, "झडती तं तुहीच होती. तुह्याच नावानं लोकायनं आवाज देला."

"माही नव्हती. माह्या झडतीत बैल होता."

"मोजकेच शब्द तं बदलले बे!"

"तेच मोजके माहे होते. बाकीचे साऱ्यायचेच असतात."

 म्हातारीनं त्याला पाट मांडला, तो बसला नाही. बैलांचा कासरा हातावर गुंडाळत म्हणाला, "पुढच्या साली मंग? जागा कोनाले देऊ?"

"कोनालेही दे. मी येईनच. ट्रॅक्टर असलं तरी येईन. मागं उभा राहीन, अन् बैलाचीच म्हणीन. तुले भोंगा मोठा लावाचा तं लाव."

"अन् बैलच नसले तं?"

"तं इथं एक होता म्हणून म्हणीन," मी म्हटलं, आणि त्याच्या बैलाच्या पाठीवर हात फिरवला. बैल सरकून उभा राहिला. दोस्तानं कासरा ओढला नाही, बैलाचं मन होईस्तोवर तो तसाच दारात थांबला.