न पडलेला फिशपाँड

दुपारी भाची टीव्हीवर एक शाळकरी सिनेमा बघत होती. वर्गातली सगळ्यांची लाडकी मुलगी एका बुजऱ्या मुलीचं कुणाशी तरी जुळवायला निघाली होती. भाची मान मागे टाकून हसते, अगदी तिच्या आईसारखी. माझी ताई जाऊन वर्ष होत आलं.

ताईही शाळेत अशीच होती. गॅदरिंगला निनावी फिशपाँड वाचले जायचे. कुणाला कुणावरून चिडवायचं ते तीच ठरवायची. मला घरी विचारायची, “तुझ्यावर टाकू का गं एक? नाव तेवढं सांग.”

“काहीतरीच तुझं,” मी पुस्तकातून मान वर न करता म्हणायचे. नाव होतं.

दवाखान्यातही तिने विचारलं, “आता तरी सांग, म्हातारे.”

“बरी हो, मग सांगते.”

गुपित आपण जगापासून जपतो म्हणे. जगाला कुठे पडलेली असते? जिला ऐकायची हौस असते, तिच्यापासूनच ते जपलं जातं.

“मावशी, तुला शाळेत कुणी आवडायचं का गं?” भाचीने विचारलं.

मी नाव सांगितलं. ती मान मागे टाकून हसली. इतकंच तर हवं होतं ताईला.